हापूसला मोहोर भरगच्च आलाय, पण फळ धरत नाही. आता कुठलं औषध मारू?

कुठलंही मारू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण तुमच्या प्रश्नातली एक ओळ नेमकी माझ्या जुन्या दुखण्यावर बसली आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही लिहिता, अंगणातलं बारा वर्षांचं कलम मोहोराने भरून गेलंय. गेल्या वर्षीही असंच भरलं होतं आणि हातात पाच आंबे आले. यंदा चार दिवस मळभ आहे, ‘मोहोरावर नुसत्या माश्या घोंगावतायत’, आणि शेजारचे काका रविवारी सकाळी पंप घेऊन येतो म्हणालेत. शिवाय मिरची-टोमॅटोची रोपं तयार आहेत ती कलमाखाली लावू का, हेही विचारलंय.

ती माश्यांची ओळ.

मी तासगावकडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. १९९७ साली लग्न होऊन रत्नागिरी तालुक्यात आले. आमच्याकडे फळछाटणी झाली की माल निघेपर्यंत घरातला कर्ता माणूस आभाळाकडे बघत जगतो. जरा मळभ आलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने रात्री दोन वाजता ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडलेला मी लहानपणापासून पाहिलाय. त्यामुळे सासरी पहिल्या जानेवारीत खळ्याच्या कडेचं कलम मोहोरलं आणि त्यावर निळ्या-हिरव्या माश्यांचं मोहोळ दिसलं, तेव्हा मला शिसारीच आली. सासूबाईंना म्हटलं, आई, या घाणीवर काहीतरी मारायला हवं. त्या बांगडे धूत होत्या. हातातलं ते लालसर पाणी त्यांनी तसंच उचललं आणि कलमाच्या बुंध्यापासून हातभर लांब ओतलं. म्हणाल्या, “अगो, माश्या हायत म्हणून आंबे हायत.” मासे धुतलेलं पाणी माश्यांना बोलवायला! मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बहुतेक नुसती नर, म्हणजे फळाच्या दृष्टीने शोभेची. फळ धरू शकतील अशी द्विलिंगी फुलं हापूसमध्ये फार कमी, दहा टक्क्यांच्या आसपास. त्यांच्यावर पराग नेऊन टाकायचं काम घरमाशी, निळी माशी, बारक्या मधमाश्या असल्या फुकटच्या गड्यांचं. द्राक्षाचं फूल आपलं आपण भागवतं, माशीवाचून त्याचं काही अडत नाही. माहेरच्या शहाणपणाचा इथे उपयोग नव्हता तो म्हणूनच. आणि एवढं सगळं जमूनही शंभर फुलांमागे एक आंबा काढणीपर्यंत टिकत नाही. भरगच्च मोहोर बघून पेट्या मोजू नयेत.

आता २०१५.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. कलम तीस वर्षांचं, मामंजींनी लावलेलं, चांगल्या सालात घरच्यापुरत्या पाच पेट्या देणारं. त्या वर्षी थंडी बरी पडली आणि मोहोर असा आला की खालून आभाळ दिसेना. महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी, म्हणजे १५ फेब्रुवारीला, धाकटे दीर चिपळूणहून आले. भावोजींनी शेतकीचा डिप्लोमा केलाय, औषधांच्या दुकानात काही वर्षं नोकरीही केली आहे. गाडीतून पंप घेऊनच उतरले. खळ्यात उभं राहून त्यांनी फांदी हलवली, चार तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे बारके किडे, उडाले, आणि निकाल लागला.

मी म्हटलं, भावोजी, फुलं उमललीत, आज नको. पानांवर चिकटा नाही, काळी बुरशी नाही, चार तुडतुड्यांनी काही होत नाही. त्यावर ते हसले आणि जे म्हणाले ते मी अजून विसरलेली नाही. “वहिनी, तुम्ही घाटावरच्या. आंब्यातलं तुम्हाला काय कळणार?”

अठरा वर्षं झाली होती मला त्या घरात. त्या कलमाचा पातेरा मी झाडत होते, कैऱ्यांचं लोणचं मी घालत होते, वानरं आली की डबा वाजवत परसात मी धावत होते. घाटावरची!

आमचे हे असल्या वेळी वर्तमानपत्र उघडतात.

सकाळी साडेनऊ ते अकरा फवारणी झाली. वेळ मुद्दाम सांगते. आंब्याची फुलं मुख्यतः सकाळच्या प्रहरी उमलतात आणि माश्यांची वर्दळही तेव्हाच असते. म्हणजे पाहुणे जेवायला बसलेत आणि आपण पंगतीवर विष शिंपडतोय. कलमाखाली मी मिरचीची दीडशे रोपं कागदी पेल्यांत वाढवली होती, पाच आठवड्यांची, लावणीला आलेली. भावोजींनी “वहिनी, ती रोपं जरा हलवा” एवढं म्हणायचे कष्ट घेतले, पण तोवर पंप सुरू झाला होता.

आमच्या पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीत एका फटीत डंख नसलेल्या बारक्या काळ्या मधमाश्यांचं घर होतं. तोंडाशी मेणाची छोटी नळी असते ना, ती. सासूबाई भिंत सारवताना तेवढा भाग सोडायच्या. दुपारी मी झाडू घेतला तर त्या नळीखाली काळी रांगोळी पडल्यासारखं दिसलं. आधी वाटलं, तीळ सांडले. सुपलीत गोळा केलं तेव्हा कळलं काय आहे. भावोजी आत वामकुक्षी घेत होते.

पुढचे पंधरा दिवस झाड शांत होतं. गुणगुण नाही, घोंगावणं नाही. मासे धुतलेलं पाणी ओतलं तरी माश्या येईनात. मग २८ फेब्रुवारीला आणि १ मार्चला अवकाळी पाऊस आला. तो राज्यभर झाला होता, जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. उरलासुरला मोहोर काळा पडून गळाला. त्या साली आम्हाला नऊ आंबे मिळाले. नऊ! त्यातले दोन वानरांनी नेले.

तेव्हापासून भावोजींचं म्हणणं एकच: पावसाने गेलं. वर आणखी, आदल्या साली पाच पेट्या निघाल्या होत्या, हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष बसतो. गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या बारशात, विषय निघाला की हेच. माझं म्हणणंही एकच आहे आणि ते मी इथे एकदाचं लिहून ठेवते. बसणारं झाड एवढा मोहोर काढत नाही. आणि पाऊस आला तो फवारणीनंतर तेराव्या दिवशी. तोवर जे धरायचं ते धरलेलं असायला हवं होतं, तुऱ्यावर मोहरीएवढी, ज्वारीएवढी कणी दिसायला हवी होती. मी शिडी लावून बघितलं होतं. खालच्या फांद्यांचे वीस तुरे तपासले, कणी दिसली ती दोनच तुऱ्यांवर. पावसाने पाडायला झाडावर काही होतंच कुठे?

असो. तुमच्या कलमाकडे येते.

मळभाची भीती खोटी नाही. ढगाळ दमट हवेत तुडतुडे वाढतात, भुरी येते, करपा येतो, हे दोन्ही बुरशीचे रोग. पण औषधाची वेळ मोहोर उमलण्याआधीची आहे: पालवी कोवळी असताना, बोंगे म्हणजे मोहोराचे डोळे फुटताना. कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक मिळतं, ते दिवाळीच्या सुमारास मिळवा, फेब्रुवारीत नव्हे. आता तुऱ्यांवर पांढरी पिठी दिसली तर ती भुरी, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक, दहा लिटरला वीस ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर. कडक उन्हात गंधक मारलं तर मोहोर भाजतो. पाऊस पडून गेला तर काठीने फांद्या हलक्या हाताने हलवून पाणी झाडून टाका, वाळका मोहोरही त्यासोबत पडू द्या. व्हिडिओंमध्ये ताक-हिंग-गोमूत्राचे प्रयोग दाखवतात. हिंग आमटीत घाला.

पाणी घालताय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बारा वर्षांच्या कौतुकाच्या कलमाला लोक घालतातच. पावसाळा संपल्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत त्याला तहानेलं राहू द्या. आधी पाणी दिलंत तर मोहोराऐवजी पालवी काढून बसेल. वाटाण्याएवढी फळं दिसली की मग दर पंधरा दिवसांनी दीडशे-दोनशे लिटर, तीन-चार वेळा, आणि आळ्यात गवताचं किंवा पातेऱ्याचं आच्छादन. काढणीच्या महिनाभर आधी बंद.

रोपं कलमाखाली मुळीच लावू नका. एक तर सावली, दुसरं म्हणजे रोपांना रोज पाणी लागणार आणि ते कलमाच्या मुळांना मिळणार, म्हणजे वरचं सगळं फुकट. मिरचीला वाफा उन्हात करा. लावण्याआधी चार-पाच दिवस रोपांचं पाणी कमी करा, संध्याकाळी लावा, पहिले काही दिवस माडाच्या झापांची सावली करा. फेब्रुवारीत इकडे पहाटे गारठा आणि दुपारी पस्तीस अंश अशी तऱ्हा असते, कोवळी रोपं त्या दुपारीच माना टाकतात. टोमॅटोचं तेच. कोंबड्या असतील तर काट्या रोवा. रोपांबद्दल याहून जास्त माझ्याकडे नाही, त्या दीडशेनंतर मी बाजारातून विकतची आणते.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. तुमची शंभर-दोनशे कलमं असतील आणि त्यावर घर चालत असेल, तर माझं ऐकू नका. पानं चिकट होऊन खाली टपटप मध गळतोय इतके तुडतुडे असतील, तर उमललेल्या मोहोरातही नाइलाजाने औषध मारावं लागतं. ते जाणत्या माणसाला विचारून आणि संध्याकाळी. मी बोलतेय ती अंगणातल्या एका झाडाबद्दल.

आणि अजून एक. आमच्या वरच्या घरच्यांनी २०१५ मध्ये काहीही मारलं नव्हतं. त्यांनाही आंबे कमीच मिळाले, चाळीसेक. भावोजी हे उदाहरण दर वेळी देतात. मी म्हणते, नऊ कुठे आणि चाळीस कुठे? पण त्यांच्या कुंपणाला एक जुना रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा, आहे, तोही तेव्हाच मोहोरतो, आणि हापूसला स्वतःच्या परागापेक्षा दुसऱ्या जातीचा पराग मानवतो. म्हणजे तो फरक रायवळाचाही असू शकतो. हे मी भावोजींना सांगितलेलं नाही. तुमच्या कलमाजवळ दुसरा आंबा नसेल तर पाच आंब्यांचं कारण हेही असेल. जागा असेल तर येत्या पावसाळ्यात एखादं केसर किंवा रत्ना लावा. रत्ना ही नीलम आणि हापूसचीच लेक आहे, आणि दरवर्षी फळ देण्याच्या बाबतीत आईबापांपैकी नीलमवर गेली आहे.

मधमाश्या पडवीच्या भिंतीत परत आल्या का, असं विचाराल. त्या फटीत नाही. दोन वर्षांनी गोठ्याच्या जोत्यात मेणाची नळी दिसली. त्याच की दुसऱ्या, काय सांगावं.

रविवारी काका आले की त्यांना चहा द्या, कांदेपोहे द्या, त्यांच्या कलमाची चौकशी करा. पंप मात्र फाटकाबाहेर ठेवायला सांगा.