क्लोक अँड डॅगर खेळताना क्लोकच्या रूपात नक्की कधी जायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मार्व्हल रायव्हल्स या ऑनलाइन टीम-गेममध्ये तुम्ही क्लोक अँड डॅगर घेता, म्हणजे सोबत्यांना बरं करणारी डॅगर आणि शत्रूंना छळणारा क्लोक अशी दोन रूपं बदलणारा हीलर. हीलिंगचा आकडा बहुतेक वेळा लॉबीत सगळ्यात मोठा तुमचाच असतो, तरी सामने हातून जातात. क्लोक झालात की टीमवाले ‘हील कुठे आहे, हील’ म्हणून ओरडतात, त्यामुळे आता तुम्ही जवळजवळ पूर्ण वेळ डॅगरच असता. दोन रूपांत वेळ कसा वाटायचा, हे तुम्हाला हवंय.

माझ्या मते वेळ वाटायचाच नसतो. डॅगर हे घर आणि क्लोक हे काम. काम ठरवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही आणि काम झालं की तिथे रेंगाळायचं नाही. गॅसवर दूध ठेवून दारात आलेल्या कुरिअरवाल्याला सही देऊन येतो, तसं ते जाणं-येणं असायला हवं. पण म्हणून दार उघडायचंच नाही असं ठरवलंत, तर निम्मा हीरो फुकट जातो. तुमचे सामने बहुधा तिथेच जातात.

मी वडोदऱ्याचा. रात्री जेवणं आटोपली की आमची टोळी ऑनलाइन जमते. दांडिया बाजारातला आतेभाऊ टँक घेतो, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा हीरो, कारेलीबागेतल्या मित्राला ड्युएलिस्टशिवाय, म्हणजे मारणाऱ्या हीरोशिवाय, दुसरं काही दिसत नाही, आणि हीलर कुणालाच व्हायचं नसतं म्हणून ते माझ्याकडे आलं. माइकवर अर्धं मराठी, अर्धं गुजराती. मागून कुणी आलं की आतेभाऊ ‘पाछळ, पाछळ’ म्हणून ओरडतो. सांगायचा मुद्दा, मी काही वरच्या रँकचा खेळाडू नाही, पण हा एक हीरो गेम आल्यापासून, म्हणजे डिसेंबर 2024 पासून, धरून आहे.

आधी त्या आकड्याचं बोलू. हीलिंगचा रकाना फार फसवा. समोरचे लांबून टँकवर गोळ्या झाडत राहतात, तुम्ही ते भरत राहता, आकडा फुगतो. त्यातलं बरंचसं नुकसान टँक भिंतीआड सरकला असता तर झालंच नसतं. उलट आयर्न मॅनच्या अल्टने, म्हणजे हळूहळू भरत जाणाऱ्या त्याच्या सगळ्यात मोठ्या ताकदीने, एका फटक्यात तिघे जातात तेव्हा भरायला काही उरतच नाही. ते तिघे वाचले असते तरी तुमच्या हीलिंगच्या रकान्यात एक आकडाही वाढला नसता. क्लोकचं मुख्य काम हेच आहे, न झालेलं नुकसान. ते स्कोअरबोर्डवर दिसत नाही, म्हणून त्याची सवय लागत नाही.

डॅगरबद्दल थोडक्यात सांगतो, तुम्हाला ती येतेच. तिचे सुरे सोबत्याकडे आपोआप वळतात, नेम थोडा चुकला तरी चालतं. आमच्याकडे पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, कधी चांगला असतो, कधी कोपऱ्यात लाल दिसायला लागतो, अशा नेटवर हा हीरो सुखाचा आहे, हे माझं तो धरून ठेवायचं एक कारण. बुडबुडा, म्हणजे डॅगर स्टॉर्म, जिथे पडतो तिथे उभे असलेले बरे होत राहतात. तो सहसा टँकच्या पायाशी टाकतात. तुमच्यावर कुणी उडी मारली तर मात्र बिनदिक्कत स्वतःच्या पायाशी टाका. आणि प्रकाशाचा पडदा, जो पुढे सरकत जातो, तो टीम एका रांगेत असताना सोडा. त्यातून जाणाऱ्याला हील तर मिळतंच, शिवाय त्यानंतर त्याला मिळणारं हीलही वाढतं. म्हणून पडदा आधी, सुरे नंतर. पुष्कळ जण हे उलटं करतात.

आता खरी गोष्ट. एका रूपाचे कूलडाऊन (ताकद पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) तुम्ही दुसऱ्या रूपात असतानाही चालूच राहतात. या एका नियमावर हा सगळा हीरो उभा आहे. डॅगर होऊन बुडबुडा टाकलात, पडदा सोडलात, की पुढचे काही सेकंद तिच्याकडे नुसते सुरे उरतात. नेमक्या त्या वेळी तुमच्या टीमवर बुडबुड्याचं छत्र असतं आणि वाढीव हीलही लागू असतं. बाहेर पडायला याहून चांगली वेळ नाही. क्लोक व्हा, टेरर केप, म्हणजे शत्रूंची नजर झाकणारा त्याचा अंधार, टाका, दोन-तीन क्षण त्याचा मारणारा किरण लावा, परत या. तुम्ही परत येता तोवर डॅगरचे कूलडाऊन बरेच सरकलेले असतात. पूर्ण वेळ डॅगर राहणारा माणूस तेच कूलडाऊन नुसता बघत बसतो.

आणि तुमच्यावर ओरडणाऱ्यांचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा खरंच बोलतात. बुडबुडा आणि पडदा हातात तसेच ठेवून क्लोक झालात, तर टीम उघडी पडते. क्रम उलटा झाला की लोक ओरडणारच.

केपबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की ती मारण्यासाठी आहे. तिने थोडं लागतं, पण खरा उपयोग दोन. ज्यांच्यावर पडते त्यांना समोरचं नीट दिसेनासं होतं, आणि त्यांना लागणारा मार वाढतो. म्हणजे ती एकट्याने टाकायची गोष्टच नाही. तुमचा ड्युएलिस्ट आत घुसतोय, टँक पुढे सरकतोय, त्या क्षणाच्या किंचित आधी. आमच्यात कारेलीबागवाला ‘जातोय’ म्हणाला की मी केप टाकतो, दुसरं काही ठरलेलं नाही. समोरचे दोन्ही हीलर तिच्याखाली सापडले तर फारच उत्तम, कारण त्यांना आपली माणसं शोधता येत नाहीत. दारासारख्या अरुंद जागेतून ते येत असतील तर वाट बघा आणि तोंडाशीच टाका. मोकळ्या मैदानात दूरच्या एकट्या माणसावर टाकलेली केप म्हणजे फुकट गेलेली केप.

क्लोकचा किरण आपोआप शत्रूला चिकटतो. मार बेताचाच आहे, त्याच्या भरवशावर किल मोजत बसू नका. पण स्पायडर-मॅन किंवा ब्लॅक पँथर तुमच्या भोवती नाचतोय, तुम्हाला त्याच्यावर माऊस नेता येत नाही, तेव्हा हा किरण सोन्यासारखा. स्वतःच्या पायाशी बुडबुडा, लगेच क्लोक, किरण चालू. तो समोरचा मारायला आलेला असतो आणि बघतो तर मेलेला हीलर मिळण्याऐवजी स्वतःचंच रक्त कमी होतंय. बरेचदा तो पळून जातो. मेला नाही तरी चालेल, पळाला तेवढं पुरे.

आता डार्क टेलिपोर्टेशन, म्हणजे सगळे ज्याला नुसतं फेड म्हणतात ते. जवळच्या सोबत्यांसह तुम्ही थोडा वेळ अदृश्य होता, वेग वाढतो, आणि तेवढ्या वेळात कुणाचं काही लागत नाही. माझ्या हिशेबी या हीरोचं सगळ्यात मोठं हत्यार हे आहे, आणि गंमत म्हणजे नव्या लोकांच्या हातून ते सगळ्यात जास्त वाया जातं. उगाच पॉइंटवर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागेवर, लवकर पोहोचायला वापरतात, मग स्कार्लेट विच आली की हात रिकामे.

स्कार्लेट विचचंच घ्या. ती अल्ट सुरू करते, थोडा वेळ ताकद साठवत राहते, आणि पूर्ण झाली की तिच्या घेऱ्यातले सगळे एकदम जातात. इथे कितीही हील द्या, उपयोग शून्य. यग्सगार्डच्या रॉयल पॅलेस या मॅपमध्ये पॉइंटवर आमची झटापट चालली होती. मी डॅगर, बुडबुडा नुकताच टाकलेला. छताच्या बाजूने ‘प्युअर केऑस’ ही तिची अल्टची आरोळी ऐकू आली. असं ऐकलं की माणसाची पहिली बुद्धी काय होते, तर वाट फुटेल तिकडे पळणे. आतेभाऊ डावीकडे निघाला होता, एक अनोळखी पोरगा उजवीकडे. मी माइकवर एवढंच म्हटलं, ‘पळू नका, माझ्याकडे या.’ क्लोक झालो आणि थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं. आवाज आल्याआल्या फेड केलात तर तिचा स्फोट होण्याच्या आतच तुम्ही सगळे परत दिसायला लागता आणि मग एकत्र मरता. ती खाली येत होती, तिच्याभोवतीचा लाल गोळा मोठा होत होता, आतेभाऊ ‘कर ना, कर ना’ करत होता. स्फोटाच्या अगदी तोंडाशी दाबलं. स्क्रीन काळी-जांभळी झाली, पुन्हा दिसायला लागलं तेव्हा आमचे सगळे उभे आणि ती आमच्या मधोमध एकटी.

तेच आयर्न मॅनच्या बाबतीत, फक्त तिथे वेळ फार कमी. ‘मॅक्सिमम पल्स’ कानावर पडेपर्यंत गोळा निघालेला असतो. म्हणून त्याची अल्ट भरत आली असेल असं वाटलं, की मी आधीच क्लोक होऊन बसतो. जेफ हा शार्क अल्टने गिळायला येतो तेव्हाही फेड चालतो, तिथेही जरा शेवटी. याउलट ल्यूना स्नोसारखी समोरची हीलर अल्ट म्हणून नाचायला लागली तर फेड अजिबात घालवू नका. तिथे फक्त दूर राहून तिचा वेळ संपू द्यायचा.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की रूप कधी बदलायचं हे तुमच्या टीमच्या रक्ताच्या पट्ट्या बघून ठरत नाही. समोरच्या टीमकडे काय शिल्लक आहे, ते बघून ठरतं. समोर एका फटक्यात मारणारी अल्ट तयार असेल तर फेड राखायचा, मग केपसाठीच क्लोक व्हायचं. तशी अल्ट नुकतीच वापरून झाली असेल तर फेड मोकळा, तो मग कोपऱ्यात अडकलेल्या टँकला सोडवायला खुशाल वापरा.

तुमच्या स्वतःच्या अल्टबद्दल एक गोष्ट. इटर्नल बाँडमध्ये सुरुवातीला तीन झेपा होत्या, 10 जानेवारी 2025 ला पहिला सीझन आला तेव्हा चार झाल्या. ज्या वाटेने तुम्ही जाता तिथे पट्टा उरतो, त्यात आपले बरे होतात, समोरच्यांना लागतं. चारही झेपा एका दमात संपवायची घाई नका करू. एक मारा, बघा टीम कुठे उभी आहे, मग दुसरी. लोक समोरच्यांवर मारायला म्हणून दूर जातात आणि आपली माणसं पट्ट्याबाहेर राहतात, ते बघवत नाही. अल्ट दोन्ही रूपांत एकच भरते, त्यामुळे ‘क्लोक झालो तर अल्ट मागे पडेल’ ही भीती बाळगू नका, किरणानेही ती भरत असते. बाकी नेमके आकडे मी मुद्दामच देत नाहीये. तिसऱ्या सीझनपासून सीझन दोन-दोन महिन्यांचे झालेत आणि दर वेळी काहीतरी इकडचं तिकडे होतं, माझ्या उत्तरातले आकडे तुम्ही वाचेपर्यंत शिळे झालेले असतील.

दुसरा हीलर कोण आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. सोबत रॉकेट रकून असेल तर तो मागे बसून सतत गोळे सोडत असतो, अशा वेळी मी क्लोक म्हणून जरा जास्त रेंगाळतो. सोबत अ‍ॅडम वॉरलॉक असेल तर त्याचं हील झटक्याने येतं आणि मग कूलडाऊनवर जातं, त्या मधल्या रिकाम्या वेळात डॅगर जागेवर हवीच. तीन हीलर असतील तर तुम्हाला मोकळं रान, फक्त मग ‘मी ड्युएलिस्ट आहे’ असं समजू नका.

आमच्याकडे नवरात्रात नऊ रात्री टोळी गायब असते, सगळे गरब्याला. मग मी एकटाच रांगेत लागतो आणि अनोळखी लोकांबरोबर खेळतो, तेव्हा तुमचं दुखणं मला चांगलं कळतं. तिथे ‘माझ्याकडे या’ म्हटलं तरी कुणी येत नाही. म्हणून एकटे खेळताना मी उलटं करतो, ते येत नाहीत तर मीच त्यांच्यात जाऊन उभा राहतो. लांब, मागे, सुरक्षित कोपऱ्यातून सुरे फेकणारी डॅगर हील भरपूर करते, पण फेड करायची वेळ आली की तिच्या आसपास कुणीच नसतं. टँकच्या मागे, एका भिंतीच्या आडोशाला, दोघे-तिघे कायम टप्प्यात राहतील अशी जागा धरा. आणि गेममधले रिप्ले उघडून फक्त तुमच्या टीमचे एकदम दोघे-तिघे मेले तेवढेच क्षण बघा. त्या वेळी फेड तयार होता का आणि तुम्ही कोणत्या रूपात होता, एवढंच तपासा. हीलिंगच्या आकड्याकडे त्या वेळी बघूच नका.