1893 चं काळं पडलेलं कोलंबस छापाचं अमेरिकन नाणं घासून उजळवू का? ते दुर्मीळ आहे का?

आधी ते दंतमंजन बाजूला ठेवा!

हे मी स्वतः करून बसलोय. छंद नवीन होता, तेव्हा असंच एक नाणं देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखं घासलं. दिसायला झकास झालं. मग भिंग लावलं, तर कोलंबसाच्या गालावर केसाएवढ्या बारीक चरांचं जाळं. न हाताळलेलं नाणं दिव्याखाली कलतं केलं की उजेडाची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरते. माझं नाणं कसंही फिरवलं तरी मख्खच. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेला थर असतो. घासलं की थराबरोबर चांदीही जाते, आणि जाणकार गिऱ्हाईक ते लांबूनच ओळखतं.

आता दुर्मीळपणाचं. हे अमेरिकेचं पहिलं स्मारक नाणं, शिकागोच्या विश्वप्रदर्शनासाठी काढलेलं. दर्शनी किंमत अर्धा डॉलर, पण विकायचे एक डॉलरला. पहिल्या नाण्याला रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी 10,000 डॉलर मोजले (जाहिरात, दुसरं काय!). सामान्य लोकांनी मात्र दुप्पट पैसे द्यायला हात आखडता घेतला. उरलेल्यांपैकी बरीच वितळवली, बरीच अर्ध्या डॉलरलाच चलनात सोडली. लोकांनी त्यांवर वाणसामान आणलं. 1892 आणि 1893 ची मिळून साधारण 25 लाख नाणी बाहेर पडली, त्यामुळे झिजलेलं नाणं आजही सहज मिळतं. वजन साडेबारा ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सव्वाअकरा. झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त देऊ नका. मागच्या बाजूच्या जहाजाची शिडं ठसठशीत असतील तर गोष्ट वेगळी.

संग्रह इथूनच सुरू करा, बिनधास्त. फक्त ‘कमी निघाली’ एवढ्यावर भाळू नका. 1936 चं सिनसिनाटीचं नाणं बघा : तीन टांकसाळींची प्रत्येकी पाचेक हजार, निमित्त शहराच्या संगीतपरंपरेची पन्नाशी. 1886 मध्ये तिथे नेमका कसला मुहूर्त झाला, हे आजवर कोणाला धड सांगता आलेलं नाही. तीन नाण्यांचा संच 7.75 डॉलरला विकून कोणीतरी हात धुऊन घेतले, एवढंच. किंमत आजही चढी आहे, पण मी काही घेणार नाही.

तुमचं नाणं कडेने धरा, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकटा चढतो. आणि शिडांचा जवळून घेतलेला फोटो टाका, मग किमतीचं बोलू.