घराबाहेरची पहिली रात्र : कब-बुलबुल शिबिराबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून कब-बुलबुल शिबिराच्या सूचना निघायला लागतात. कब म्हणजे पाच ते दहा वर्षांचे मुलगे आणि बुलबुल म्हणजे त्याच वयाच्या मुली. स्काऊट-गाईड होण्याआधीची ही पायरी. या वेळच्या पत्रांत पालकांची काळजी आहे, एका शिक्षकांची हिशेबाची अडचण आहे आणि एक पत्र खुद्द एका कबचं आहे.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. शाळेचं दोन रात्रींचं शिबिर आहे. आजवर तो माझ्याशिवाय एकदाही झोपलेला नाही. शिवाय महिन्यातून एक-दोनदा अंथरूण ओलं होतं. पाठवू की नको?
– एक आई, कराड

उत्तर : पाठवा. फक्त शिबिराची रात्र ही त्याची घराबाहेरची पहिलीच रात्र होऊ देऊ नका. शिबिराआधी दोन-तीन आठवडे त्याला मामाकडे किंवा आत्याकडे एक रात्र एकट्याला राहू द्या. त्या रात्री फोन करू नका. सकाळी काय खाल्लं, कुणाशेजारी झोपला, हे त्याला सांगू द्या.

निघताना पुष्कळ पालक एक वाक्य बोलतात, ते टाळा : “करमलं नाही तर सांग, मी लगेच न्यायला येईन.” त्यातून मुलाला एवढंच समजतं की तिथे न करमण्यासारखं काहीतरी आहे आणि रडलं की सुटका होते. मग पहिल्याच संध्याकाळी ते सुटकेची वाट बघत बसतं. त्यापेक्षा खरं ते सांगा : “आठवण येईल, सगळ्यांनाच येते. आली की बाईंना सांग. रविवारी सकाळी मी फाटकाशी उभी असेन.” आणि रविवारी खरंच वेळेवर जा. शेवटी उरलेल्या एकट्या मुलाला ती पंधरा मिनिटं फार जड जातात.

दिवसभर घराची आठवण फारशी होत नाही. ती येते दिवेलागणीला आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर. जाणते कब मास्टर (कबांचे शिक्षक-नेते) संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ मोकळा सोडत नाहीत. हात-पाय धुणं, प्रार्थना, जेवण, ताटं घासणं, शेकोटी, गोष्ट अशी रांगच लावतात. ज्याचा चेहरा उतरलाय त्याला काम देतात : पाण्याचा तांब्या धर, सगळ्यांच्या चपला ओळीत लाव. झोपायच्या खोलीत रात्रभर एक बारीक दिवा हवा. आईशी फोनवर बोलणं शक्यतो सकाळी ठेवावं, कारण रात्री आवाज ऐकला की बांध फुटतो आणि एक रडायला लागला की शेजारचे चार रडतात.

अंथरूण ओलं होण्याबद्दल नेत्याला आधी चिठ्ठीवर लिहून कळवा. मुलासमोर किंवा वर्गात त्याची चर्चा नको. दिवसा पाणी भरपूर पिऊ दे, झोपण्याआधीचे दोन तास घोटभरच. रात्री अकराच्या सुमारास नेत्यांनी त्या एकालाच नव्हे, सगळ्या ओळीलाच उठवून लघवीला न्यावं, म्हणजे कुणाकडे बोट दाखवलं जात नाही. वळकटीत चादरीखाली घालायला मेणकापड द्या. जास्तीची चड्डी-पँट आणि रिकामी प्लॅस्टिकची पिशवी एकत्र गुंडाळून तो गठ्ठा कुठे ठेवलाय ते त्याला हाताने दाखवा. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. नवख्या संडासात जायला मुलं लाजतात, पोट साफ होत नाही आणि बद्धकोष्ठ झालं की अंथरूण ओलं होण्याचं प्रमाण वाढतं. घरी कमोड असेल तर भारतीय बैठकीचा सराव आठवडाभर आधी करून घ्या.

पिशवी त्यालाच भरू द्या. प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या पिशवीत घालून वर वार लिहा. एक मोजा शोधायला मुलं अख्खी पिशवी जमिनीवर ओततात आणि परत भरताना निम्मं शेजाऱ्याच्या पिशवीत जातं. प्रत्येक वस्तूवर नाव हवं, चमच्यावरसुद्धा. वळकटी सोडायची आणि बांधायची, हे घरी पाच वेळा करून घ्या. शिबिराच्या सकाळी चोवीस वळकट्या नेत्यांनाच बांधाव्या लागल्या तर न्याहारीला नऊ वाजतात.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीनच पॅक (कबांचा गट) सुरू केला आहे. २४ मुलं, आम्ही ४ मोठे, शाळेच्याच आवारात एक रात्र. सामान किती लागेल? आवारात नळ एकच आहे.
– एक कब मास्टर, जि. बीड

उत्तर : चोवीस म्हणजे सहा-सहाची चार षटकं, बेताचा आकडा आहे. कामंही षटकांनुसार वाटा : पाणी, केर, वाढणं, ताटं. दर जेवणाला पाळी बदला.

रात्री मुगाच्या डाळीची खिचडी करा. २८ जणांना तांदूळ २ किलो आणि डाळ १ किलो पुरते. पाणी अकरा-बारा लिटर घालून शिवाय दोन लिटर आधण शेजारी उकळत ठेवा. पातेलं २० लिटरचं, जाड बुडाचं. मीठ आधी १०० ग्रॅमच घाला आणि चाखून वाढवा. मोठ्या पातेल्यात खिचडी खाली लागते ती डाळ तळाशी बसल्यामुळे. घरच्या डावाने बूड गाठत नाही, तेव्हा लांब उलथणं घ्या आणि पहिली उकळी आली की आच उतरवा. लागलीच तर ढवळू नका, वरची तेवढी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. ढवळलं की करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो आणि मुलं एक घासही खात नाहीत. तिखट बेताचं ठेवा, ज्यांना हवं त्यांना लोणचं आहेच.

सकाळी पोहे : जाडे पोहे पावणेदोन किलो, कांदे एक किलो, शेंगदाणे पाव किलो. अठ्ठावीस जणांचे पोहे एकदम भिजवले तर तळाचे लगदा होतात. चाळणीत दोन-दोन मुठींनी धुऊन निथळा आणि दोन घाण्यांत करा.

उरलेली खिचडी सकाळी गरम करून वाढायची नाही. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जे जिवाणू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिबिरातल्या उलट्यांमागे बरेचदा हेच असतं. शिजल्यापासून दोन तासांत पातेलं रिकामं झालं पाहिजे.

सगळ्या वापराचं पाणी माणशी १५ ते २० लिटर धरा, म्हणजे २८ जणांना सुमारे ५०० लिटर. दोनशे लिटरची दोन पिंपं आदल्या दिवशी धुऊन भरा. पिण्याचं वेगळं ठेवा : खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळून, झाकून, तोटीच्या टाकीत. ओगराळ्याने काढायची वेळ आली की चोवीस हात आत जातात.

नळ एकच आहे, म्हणून जेवणाआधीची हात धुण्याची रांग अर्धा तास चालेल. त्यावर पायाने ओढायची हातधुणी करा. मुलांना ती करायलाही आवडते. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन साबणाने धुऊन घ्या. खिळा तापवून कॅनच्या पुढच्या बाजूला, झाकणापासून सुमारे चार बोटं खाली एकच भोक पाडा. बेचक्याच्या दोन काठ्या अडीच फुटांवर, दीड फूट खोल रोवा. आडव्या काठीत कॅनची मूठ ओवून तो टांगा. झाकणाच्या मानेला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीलगतच्या एका काठीला बांधा. काठीवर पाय दिला की कॅन पुढे कलतो आणि बारीक धार पडते, पाय काढला की थांबते. पाणी सारखं गळत असेल तर भोक खाली पडलंय किंवा कॅन गळ्याशी भरलाय. भोकाच्या दोन बोटं खालपर्यंतच भरा. कॅन मुलांच्या कमरेच्या उंचीला हवा. मोठ्यांच्या मापाने बांधलात तर पाणी कोपरांवरून बाहीत जातं. खाली खडी पसरा, नाहीतर तासाभरात चिखल होतो. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगा. असे दोन बांधले की रांग राहत नाही.

प्रश्न : माझी रीफ नॉट नेहमी सुटते. सर म्हणतात ती आजीबाईची गाठ आहे. शिबिरात गाठींची स्पर्धा आहे. काय करू?
– एक कब, इयत्ता चौथी, रत्नागिरी

उत्तर : दोन रंगांच्या दोऱ्या घे, प्रत्येकी हातभर, करंगळीएवढ्या जाड. समज, उजव्या हातात लाल आणि डाव्या हातात पांढरी. लाल पांढरीवरून ने आणि खालून काढ. आता लाल डाव्या हातात गेली. चूक होते ती इथे. तू पुन्हा उजव्या हातातली वर नेत असशील. तसं करू नकोस. आताही लालच वर गेली पाहिजे, ती कुठल्याही हातात असो. मनात म्हण : “लाल वर, परत लाल वर.” ओढून बघ. बरोबर असेल तर लालची दोन्ही टोकं एका फासातून शेजारीशेजारी बाहेर पडतात, पांढरीची दुसऱ्यातून. आजीबाईच्या गाठीत टोकं आडवी, फुलीसारखी निघतात आणि ओढली की घसरतात.

ही गाठ चपटी बसते म्हणून पट्टी बांधायला, पुडकं बांधायला चांगली. झोक्याला किंवा रस्सीखेचीच्या दोरांना मात्र ती कधीच वापरायची नाही. एका टोकाला हिसका बसला की ती सरळ होऊन निसटते. एक जाड आणि एक बारीक दोर जोडायचा असेल तर शीट बेंड नावाची गाठ बांध. स्पर्धेत घाई करू नकोस. सुटलेल्या गाठीला गुण नसतात.

प्रश्न : शिबिर कोकणात, शेतघरावर आहे. मुली जमिनीवर झोपणार. विंचू-सापाची भीती वाटते.
– एक वडील, पुणे

उत्तर : भीती अस्थानी नाही. पण झोपण्याची नीट व्यवस्था केली की धोका बराच कमी होतो. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचलेल्या असाव्यात. अंथरुणं भिंतीपासून हातभर दूर असावीत. खोलीत खाऊ ठेवू देऊ नका. उंदीर आले की मागोमाग साप येतो. लाकडाचा ढीग, कौलांचा ढीग, दगडी गडगा यांच्या जवळ मुलींनी खेळू नये. बूट घालण्याआधी उलटे आपटायचे, हे पहिल्या तासातच शिकवायचं. रात्री बाहेर जाताना बॅटरी, पायांत चप्पल आणि सोबत एक मोठं माणूस हवं.

रात्री एखादी मुलगी पोट दुखतंय म्हणून उठली आणि तिच्या पापण्या मिटत असतील, गिळता येत नसेल, तर व्रण दिसो न दिसो, मण्यार चावल्याचं गृहीत धरून १०८ ला फोन करा. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय न हलवता आडवं नेऊन रुग्णालय गाठायचं.

कोकणातला लाल विंचू लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त घातक. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हात-पाय दिसले तर ‘नुसतं दुखतंय’ समजून वेळ काढू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं हे दाखवून दिलं, आणि त्याने असंख्य मुलं वाचली. पण ते डॉक्टरनेच द्यायचं असतं आणि लवकर दिलं तरच त्याचा पुरता उपयोग होतो. म्हणून शिबिराच्या जागेपासून सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी कुणाची, हे आधी विचारा. उत्तर लगेच मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका.

प्रश्न : लहानांसाठी शेकोटी किती मोठी असावी?
– एक फ्लॉक लीडर (बुलबुल गटाच्या नेत्या), ठाणे

उत्तर : मुलींच्या गुडघ्याएवढी. कडं तीन मीटरवर आखा आणि वाऱ्याच्या दिशेला कुणाला बसवू नका. नायलॉनचे जर्किन, लोंबते स्कार्फ नकोत. रॉकेल, पेट्रोल अजिबात नाही. पाण्याच्या दोन बादल्या पेटवण्याआधी शेजारी हव्यात. पाऊण तास पुष्कळ झाला : सुरुवातीला आरोळ्या आणि उड्यांची गाणी, मग नकला, शेवटी संथ गाणं. हा क्रम उलटला तर मुली झोपत नाहीत. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता आणि राखेवर तळहाताची मागची बाजू धरून बघा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. तेव्हा गवताळ जागी शेकोटी करूच नका. मधोमध तीन कंदील ठेवूनही गाणी तितकीच रंगतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दुसरीत, कब स्काऊटमध्ये आहे. तंबूतलं पहिलं शिबिर आहे. आम्ही शाकाहारी आहोत.
– एक आई-बाबा, एडिसन

उत्तर : तिकडे २०१८ पासून मुलीही कब स्काऊट होऊ शकतात, आणि दुसरीतल्या मुलांचा गट ‘वुल्फ’. तंबूत मूल मोठ्या माणसासोबत झोपणार असेल, तर ते फक्त स्वतःच्या आई-वडिलांसोबत. दुसरं कुणी, कितीही ओळखीचं असलं तरी चालत नाही. हा नियम मुलीलाही समजावून सांगा.

जेवणाबद्दल दोन-तीन आठवडे आधी लिहून कळवा, पण नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. तिकडे त्यात अंडं चालतं असं धरतात. काय चालत नाही त्याची यादीच द्या. डबाबंद मिळणाऱ्या घेवड्याच्या उसळीत (बेक्ड बीन्स) डुकराचं मांस असू शकतं. शेकोटीवर भाजायच्या मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. जिलेटिन नसलेले मार्शमॅलो मिळतात. तुम्हीच दोन पाकिटं न्या, म्हणजे सगळी मुलं काडीला लावून भाजत असताना ती बाजूला बसणार नाही. पेटलेला मार्शमॅलो हलवून विझवू नये, फुंकावा. वितळलेली साखर उडून कातडीला चिकटते.

आणि लाडू-चिवड्याचा डबा तंबूत ठेवू नका. न्यू जर्सीच्या उत्तर भागात काळी अस्वलं आहेत, रॅकून तर सगळीकडेच. खाऊ, टूथपेस्ट, वासाचा साबण, सगळं रात्री गाडीत बंद. झोपण्याआधी तिच्या खिशांतले चॉकलेटचे कागदसुद्धा काढून घ्या.