प्रेमाच्या कादंबरीला प्रकाशक शोधताय? आधी वाचनालयात जा

नमस्कार ताई. तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: 90 हजार शब्दांची प्रेमकथा दोन वर्षं खपून लिहिलीत, नायक-नायिका नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर भेटतात, पुण्या-मुंबईच्या अकरा प्रकाशकांना एकच ई-मेल धाडलीत. नऊ जण गप्प, एकाचा नकार, आणि एकाचं उत्तर, 'छापू, 70 हजार भरा.' आता भरू का, असं विचारताय.

भरू नका. निदान 'प्रकाशक मिळाला' अशा समजुतीत तर नाहीच. पैसे घेऊन छापून देणं हा काही गुन्हा नाही, पण त्या माणसाचा नफा तुम्ही चेक फाडलात त्याच दिवशी झालेला असतो. पुढे प्रत खपली काय न खपली काय, त्याला सारखंच. मी हे भोगलंय. माझ्या पहिल्या कादंबरीच्या 500 प्रती निघाल्या, 'वितरणाचं आम्ही बघू' असं सांगितलं गेलं, आणि चार महिन्यांनी 300 प्रती टेम्पोने माझ्याच दारात आल्या. दिवाणाखाली ठेवल्या. पावसाळ्यात खालच्या दोन गठ्ठ्यांना ओल लागली. उरलेल्यांतल्या चाळीसेक मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या. बायकांनी घेतल्या बिचाऱ्यांनी, पण प्लास्टिकचा डबा मिळाला असता तर जास्त खूश झाल्या असत्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही नावाजलेली नावं काढून त्यांना पाठवलंत. आपली कादंबरी जी बाई वाचणार आहे, तिच्या हातात आज कुणाची पुस्तकं आहेत, हे आधी बघायला हवं होतं. ते गूगलवर कळत नाही, वाचनालयात कळतं. सीताबर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, तिथे जा, नाहीतर तुमच्या वस्तीतलं कुठलंही चालेल. कादंबऱ्यांच्या कपाटासमोर एक अख्खी दुपार काढा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती उलटून बघा. काही पुस्तकांवर सात वर्षांत तीन शिक्के. काहींवर चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, कोपरे दुमडलेले, बाइंडिंग सुटून पुन्हा शिवलेलं. प्रेमाच्या, संसाराच्या कादंबऱ्या या दुसऱ्या ढिगात सापडतील. त्यांचं दुसरं पान उघडा आणि प्रकाशक, आवृत्तीचं साल, पृष्ठसंख्या वहीत उतरवा. गेल्या आठ-दहा वर्षांतलीच पुस्तकं धरा. 1980 सालची घेतलीत तर त्यातले निम्मे प्रकाशक आज हयात नसतील. संध्याकाळपर्यंत पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. ती तुमची यादी.

वाचनालयावर मी इतका जोर देते कारण मराठी कादंबरीचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयंच. 1967च्या कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं, त्यातून ग्रंथखरेदी होते. म्हणून प्रकाशकाला सरळ विचारा: वाचनालयांना माल कोण पुरवतं? शासनाच्या ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवता का? ठोस उत्तर देणारा प्रकाशक कामाचा. 'ऑनलाइन सगळीकडे मिळेल' एवढंच म्हणणारा नाही.

आपल्याकडे 'रोमान्स' असा वेगळा फलक दुकानात सहसा नसतो, प्रेमकथा सामाजिक कादंबऱ्यांत बसते. त्यामुळे प्रकाशकाची यादी वाचूनच अंदाज घ्यावा लागतो. मेहता पब्लिशिंग हाऊसची यादी मोठी, लोकप्रिय कादंबऱ्या आणि अनुवाद भरपूर. तिथे मजकूर भरपूर येत असणार, वाट बघायची तयारी ठेवा. मेनका प्रकाशन 'मेनका' आणि 'माहेर' या मासिकांमुळे घराघरातल्या बायकांना ठाऊक, तुमच्या गोष्टीची जातकुळी मला तिथली वाटते. मौज प्रकाशनाचं नाव साहित्यिक वळणाच्या लेखनाशी आणि काटेकोर संपादनाशी जोडलेलं. राजहंस प्रकाशनाचा भर ललितेतर, म्हणजे कथा-कादंबऱ्या सोडून इतर पुस्तकांवर. तिथे फुटाळ्याचं चांदणं पाठवून नकार आला तर लेखणीला दोष देऊ नका, तुम्ही दार चुकलात इतकंच. आपल्या गावात विजय प्रकाशन आणि साहित्य प्रसार केंद्र आहेतच. नागपूरच्या प्रकाशकाला कमी लेखू नका. समोर बसून बोलता येतं, मुखपृष्ठ हातात घेऊन बघता येतं, आणि फोन उचलला नाही तर बर्डीवर जाऊन उभं राहता येतं. पुण्याच्या प्रकाशकाच्या दारात उभं राहायला रात्रभराचा प्रवास लागतो.

पहिलंच पुस्तक आहे तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिचे अर्ज कधी निघतात यावर नजर ठेवा.

लांबीचं बोलते. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात पानाला पावणेतीनशे-तीनशे शब्द धरा. तुमचे 90 हजार म्हणजे 300च्या पुढे पानं, 16 पानी वीसेक फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांची जुडी). प्रकाशक गोष्ट वाचायच्या आधी फर्मे मोजतो, कारण किंमत तिथे ठरते आणि नव्या नावाचं जाडं पुस्तक उचलायला दुकानदार कचरतो. 65 हजारांवर आणता आली तर चौदा फर्म्यांत बसेल. कापायचं काय? माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या वेळी संपादकबाईंनी फोनवर एकच विचारलं होतं, 'तुमच्या नायिकेला पगार किती?' मला सांगता येईना. पानंच्या पानं पाऊस होता, मोगरा होता, पण ती महिनाअखेर कशी काढते ते कुठेच नव्हतं. पाऊस कापला, पगार घातला. पुस्तक घेतलं त्यांनी.

पाठवताना अख्खी कादंबरी पाठवू नका. एक पान कथासार, शेवटासकट (उत्सुकता वगैरे वाचकासाठी, प्रकाशकाला शेवट सांगायचा असतो), पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये, आणि चार ओळी स्वतःबद्दल. एका वेळी एकाच प्रकाशकाच्या नावाने पत्र, त्यात त्यांचं कुठलं पुस्तक वाचून तुम्ही त्यांच्याकडे आलात ते लिहा. अकरा जणांना एकच ई-मेल गेली की ती लग्नपत्रिकेसारखी दिसते, कोणी उत्तर देत नाही. जे दिवाळी अंकही काढतात त्यांना ऑगस्ट ते दिवाळी अजिबात छळू नका. तीन महिने थांबा, मग एक फोन करा. 'प्रतिलिपी' या ऑनलाइन कथांच्या अ‍ॅपवर काही भाग टाकले असतील तर आधीच सांगून टाका, लपवलेलं नंतर कळलं की विश्वास जातो.

होकार आला की आनंदात सही ठोकू नका. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, साधारण 10 टक्क्यांपासून असते, पण कशावर ते बघा: छापील किमतीवर की सूट वजा जाता हाती आलेल्या रकमेवर. दोन्हींत फार फरक पडतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 एकदा वाचा. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते, आणि घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, त्याच्याकडचे हक्क संपतात. म्हणूनच छापील करारांत 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द घुसवलेले असतात. ती मुदत म्हणजे तुमची हयात आणि वर 60 वर्षं. ते शब्द खोडा आणि 5 वर्षं लिहा. ऑडिओ, ई-बुक, भाषांतर आणि मालिका-सिनेमा यांचे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत जाऊ देऊ नका. प्रेमकथेवर उद्या मालिका निघू शकते, तेव्हा हाच कागद बाहेर काढतात.

आणि संवादांतलं 'काय करून राहिली?' कोणी 'काय करते आहेस?' करायला सांगितलं तर ऐकू नका. नायिका नागपूरच्या अंबाझरीची आहे, पुण्याच्या सदाशिव पेठेतली नाही. मी माझ्या वेळी ऐकलं होतं आणि माझ्या आईनेच पुस्तक मिटून विचारलं, 'ही पोरगी कोणत्या गावची आहे वं?'