रिमोट टीमसाठी ऑनलाइन व्हाइटबोर्ड खरंच कामाला येतो का? कसा वापरावा?

येतो, पण लिंक पाठवून "चला, लिहा" म्हटलं की येत नाही. तुम्ही लिहिलंय की टीममधले आठ-दहा जण वेगवेगळ्या गावांतून कॉलवर असतात आणि बोलतात दोघं-तिघंच. बोर्डाचा खरा उपयोग नेमका तिथेच आहे. कॉलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बोर्डावर सगळ्यांना एकदम लिहिता येतं.

आमच्या रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) संपल्यावरच्या आढाव्यात, पहिली पाच मिनिटं कुणीच बोलत नाही. टायमर लावायचा आणि स्टिकी नोट्स लिहायच्या, एका नोटवर एकच मुद्दा. मिरो या ऑनलाइन व्हाइटबोर्डातला प्रायव्हेट मोड चालू केला की दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते तोवर दिसत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मॅनेजरची नोट आधी दिसली की नवी मुलं त्याच्याच सुरात लिहितात. मग सारखे मुद्दे एकत्र करायचे, प्रत्येकाने तीन मतं द्यायची आणि चर्चा फक्त वरच्या दोन-तीन मुद्द्यांवर. आमच्याकडे नव्याने आलेली टेस्टर कॉलवर सहसा माइक चालू करत नसे. संध्याकाळी उशिरा बिल्ड (सॉफ्टवेअरची तपासायची नवी आवृत्ती) येतो म्हणून टेस्टिंग रोज दुसऱ्या दिवसावर जातं, हे तिनेच लिहिलं, आणि सर्वाधिक मतं त्याच नोटला पडली. नुसत्या बोलण्यात ते कधीच वर आलं नसतं.

चौकटी मात्र आदल्या दिवशी आखून लॉक करून ठेवा. कोऱ्या बोर्डावर लोक बावचळतात, आणि कुणाच्या तरी माउसने अख्खा रकाना सरकतो.

टूलचं म्हणाल तर डिझाइनर आधीच फिगमा या डिझाइनच्या टूलमध्ये असतील तर त्याचंच व्हाइटबोर्ड फिगजॅम सोयीचं. मिरो ऐसपैस आहे, पण मोफत प्लॅनमध्ये संपादन करता येणारे बोर्ड 3 च, आणि नोटांचा ढीग साचला की जुन्या लॅपटॉपवर बोर्ड अडखळतो. जुनं वेळोवेळी काढून टाका. सिस्टिमच्या आर्किटेक्चरची (रचनेची) झटपट आकृती काढायची असेल तर मी एक्सकॅलिड्रॉच उघडते. ते ओपन सोर्स आहे, लॉगिन लागत नाही. फक्त मोफत आवृत्तीत चित्र तुमच्या ब्राउझरमध्येच राहतं, म्हणून फाइल लगेच सेव्ह करा.

बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी टिकेटमध्ये, म्हणजे टीमच्या कामांच्या यादीतल्या नोंदीत, टाका, कोण करणार आणि कधीपर्यंत यासकट. गूगलने जॅमबोर्ड हे आपलं व्हाइटबोर्ड टूल 2024 अखेर बंदच केलं, तेव्हा निर्णय फक्त बोर्डावर ठेवण्यात अर्थ नाही.

आणि कुणी मोबाइलवरून जोडलेलं असेल तर त्या छोट्या स्क्रीनवर नोटा सरकवायला लावू नका. त्यांनी मुद्दे चॅटमध्ये लिहावेत, बोर्डावर चिकटवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.