आधी आवाज निवड, मग पुस्तक

प्रिय,

तीन ऑडिओबुकं अर्ध्यात सोडलीस आणि आता वाटतंय की ऐतिहासिक प्रेमकथा आपल्यासाठी नाहीतच. इतक्यात निकाल लावू नकोस. तिन्ही पुस्तकं चांगली आहेत. चुकला तो निवडीचा क्रम. तू आधी पुस्तक निवडलंस आणि नॅरेटर, म्हणजे ते वाचून दाखवणारा, जो मिळाला तो घेतलास. या प्रकारात उलटं करायचं.

रहस्यकथा सपाट आवाजातही चालून जाते, कारण खून कोणी केला हे कळेपर्यंत कान सुटत नाही. प्रेमकथेत दोघं शेवटी एकत्र येणार हे पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असतं. मग ऐकायचं काय, तर बोलाचालीतला ताण. इंग्रजीत 'युवर ग्रेस' म्हणणारी नायिका एखाद्या रात्री ड्यूकला पहिल्यांदा नावाने हाक मारते. आपल्याकडे 'अहो'चं 'अरे' व्हावं तसं ते आहे. नॅरेटरने ते नाव जरा थांबून, किंचित खाली घेतलं तर अंगावर काटा येतो, आणि यादी वाचल्यासारखं वाचलं तर दहा तासांची मेहनत पाण्यात.

म्हणून नमुना ऐकताना फसू नकोस. विकत घेण्याआधी मिळणारा पाचेक मिनिटांचा तुकडा बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो, आणि सुरुवातीला वर्णन असतं: धुकं, बग्गी, हवेली. वर्णन कोणीही बरं वाचतं. शक्य असेल तिथे वाचनालयाच्या ॲपवरून पुस्तक आधी उसनं घे (अमेरिकेतल्या तुझ्या मावसबहिणीकडे तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड असेल, तर लिबी ॲपवर ते फुकट होतं) आणि थेट नायक-नायिकेच्या पहिल्या भांडणापाशी जा. 'तो म्हणाला, ती म्हणाली' नसलेली आठ-दहा वाक्यं सलग ऐक. कोण बोलतंय ते डोळे मिटून कळलं, तर पुस्तक घे.

इथे एक गैरसमज काढून टाकते. बाईने पुरुषाचा आवाज काढायचा म्हणजे घसा खरडून खर्ज लावायचा नसतो. तसं करणाऱ्यांचे सगळे नायक सर्दी झाल्यासारखे बोलतात. जाणत्या नॅरेटर आवाजाची पट्टी थोडीच उतरवतात. वेग कमी करतात, चढउतार आखडते घेतात, वाक्याचा शेवट वर जाऊ देत नाहीत. रोझलिन लँडर ऐक. ज्यूलिया क्विनची ब्रिजर्टन मालिका, म्हणजे एका घरातल्या आठ भावंडांच्या प्रेमकथा, तिने वाचली आहे. 1968 च्या 'द डेव्हिल राइड्स आउट' या सिनेमात ती बालकलाकार होती, त्यामुळे अभिनयाची तालीम जुनी. पहिल्या पुस्तकातला ड्यूक सायमन लहानपणी बोलताना अडखळत असे, आणि संतापला की ते अडखळणं पुन्हा डोकावतं. अशी जागा नॅरेटरची खरी परीक्षा असते: जास्त केलं तर थट्टा वाटते, कमी केलं तर प्रसंगच मरतो. आठ भावंडांत गोंधळू नकोस, नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत. अँथनी थोरला, हायसिंथ शेंडेफळ.

एकच पुस्तक सुचव म्हणालीस तर लॉरा किन्सेलचं 'फ्लॉवर्स फ्रॉम द स्टॉर्म' सांगेन, निकोलस बोल्टनच्या आवाजात. पुस्तक 1992 चं. गणिती बुद्धीचा, उधळ्या ड्यूक झटक्याने वाचा गमावतो आणि लोक त्याला वेडा ठरवून कोंडून ठेवतात. त्याला समजून घेणारी मॅडी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. क्वेकर माणूस कोणालाही पदवी लावत नाही, ड्यूकलाही 'थी' म्हणतो, म्हणजे सरळ एकेरीत. छापील पुस्तकात ड्यूकच्या कानावर पडणारे मोडके शब्द मोडक्या स्पेलिंगमध्ये दिलेत आणि तिथे डोळा अडतो. बोल्टन ते आवाजात उतरवतो. शब्द ओठांपर्यंत येतो, अडतो, भलताच बाहेर पडतो, आणि त्यामागचा राग ऐकू येतो. छापील पुस्तकापेक्षा ध्वनिपुस्तक सरस, असं मी क्वचित म्हणते. इथे म्हणते.

आणि म्हणूनच ते 1.5 च्या वेगाने ऐकू नकोस. इंग्रजी नॅरेटर मिनिटाला साधारण 155 शब्द वाचतो. वेग वाढवला की शब्द समजतात, पण थांबे आकसतात, आणि प्रेमकथेत अर्धा अभिनय थांब्यांतच असतो. काही ॲपमध्ये शांतता आपोआप कापायची सोय असते, ती तर आधी बंद कर. फँटसीतली लांबलचक लढाई 1.25 ने ऐकायला माझी हरकत नाही. तिथे तलवारी पुष्कळ असतात.

याच आकड्यावरून आणखी एक हिशेब. मिनिटाला 155, म्हणजे तासाला 9,300 शब्द. एक लाख शब्दांची कादंबरी पावणेअकरा तासांच्या आसपास भरायला हवी. जाडजूड पुस्तक पाच तासांत संपताना दिसलं, तर ते 'अब्रिज्ड', कापलेलं आहे. ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या जॉर्जेट हेयरच्या 'व्हेनिशिया'सह तीन कादंबऱ्या नट रिचर्ड आर्मिटाजने नॅक्सॉस या ऑडिओ प्रकाशनासाठी वाचल्या आहेत. आवाज मधासारखा, पण तिन्ही संक्षिप्त. अशा काटछाटीत आधी जातात त्या आगाऊ आत्या आणि गावगप्पा, आणि हेयरची गंमत नेमकी तिथेच असते.

'आउटलँडर' घ्यायची घाई आहे ना तुला? घे, डव्हिना पोर्टरच्या आवाजातलं. सुमारे 33 तास. रोज येण्याजाण्यात मिळून दीड तास ऐकलंस तर 22 दिवस. 64 केबीपीएस दर्जाच्या ध्वनीला तासाला 29 एमबी धर, म्हणजे जवळजवळ एक जीबी. घरच्या वायफायवर उतरवून ठेव, लोकलमध्ये नेटवर्कच्या भरवशावर राहू नकोस. विसाव्या शतकातली नायिका क्लेअर काळात मागे, 1740 च्या दशकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते आणि सभोवतालची माणसं स्कॉट ढंगात बोलू लागतात. पहिले दोन तास भांडी घासता घासता ऐकलेस तर काही कळणार नाही. त्या वेळात फक्त ऐक, हवं तर 0.9 वेगाने. चार शब्द आधी पाठ कर: केन म्हणजे ठाऊक असणं, बेर्न म्हणजे मूल, डिना म्हणजे नको किंवा नाही, सॅसेनाख म्हणजे इंग्रज. पुढे कान आपोआप बसतो.

नावांसाठी एक चिठ्ठी कर, आणि ती देवनागरीत. ऐकू आलं तसं लिहून शेजारी इंग्रजी स्पेलिंग टाक. क्लेअरचं माहेरचं आडनाव कागदावर 'ब्यूशां' दिसतं, ऐकू येतं 'बीचम'. सेंट जॉन हे पहिलं नाव असेल तर ते 'सिंजन'. फँटसीत तर विचारूच नकोस. 'व्हील ऑफ टाइम' मायकल क्रेमर आणि केट रीडिंग या जोडप्याने मिळून वाचलंय, पुरुषाच्या नजरेतली प्रकरणं त्याने, बाईच्या नजरेतली तिने. तरी काही नावांचे उच्चार चौदा खंडांत इकडेतिकडे झालेतच. दोष देण्याआधी लक्षात घे, असं काम वर्षानुवर्षं चालतं. रॉय डॉट्रिसने 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये 224 पात्रांना आवाज दिले, त्याचा गिनीज विक्रम आहे. पण मालिकेच्या पुढच्या भागांत त्याचेही उच्चार बदललेले ऐकू येतात.

दोन नॅरेटर दिसले की प्रकार कोणता ते बघून घे. 'ड्युअल' म्हणजे प्रकरणं वाटून घेतलेली, मग नायकाचा आवाज तिच्या प्रकरणात एक आणि त्याच्या प्रकरणात दुसरा. 'ड्युएट'मध्ये प्रत्येक जण आपल्याच पात्राचे संवाद शेवटपर्यंत बोलतो. ग्राफिकऑडिओ या कंपनीचं नाट्यरूपांतर म्हणजे थेट आकाशवाणीची श्रुतिका: पात्रागणिक नट, संगीत, घोड्यांच्या टापा. ते मोठ्या पुस्तकाचे भाग वेगवेगळे विकतात, तेव्हा पहिला भाग घेऊन पुस्तक मिळालं असं समजू नकोस. माझा कल एकट्या नॅरेटरकडे आहे. कीर्तनकार एकटाच राजा, राणी आणि दासी होतो, ती मजा निराळी.

पैसे घालायचे नसतील तर 2005 पासून चालू असलेलं लिब्रिवॉक्स हे संकेतस्थळ आहे. स्वयंसेवक वाचतात आणि पुस्तकं हक्कमुक्त, म्हणजे ऑस्टिन, वॉल्टर स्कॉट वगैरे. तिथे 'सोलो' असं लिहिलेली ध्वनिमुद्रणंच उचल, नाहीतर दर प्रकरणाला नवा माणूस, नवा माइक, आणि मागे कोणाचा तरी कुत्रा.

झोपताना टायमर वीस मिनिटांचा लाव, 'प्रकरण संपेपर्यंत' हा पर्याय नको. या पुस्तकांतली प्रकरणं तासाभराचीही असतात.

ता. क. या कथांत शय्यागृहाचे प्रसंग सविस्तर असतात आणि नॅरेटर ते मन लावून वाचतात. स्वयंपाकघरात आजी असेल तर प्ले दाबण्याआधी ब्लूटूथ खरंच जोडलंय का ते बघ.