"मॅडम, ऑडिशनला काय घालू?"

नाशिकच्या सातपूरची ती चौतिशीतली बाई माझ्याकडे समुपदेशनाला आली होती आणि खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरून हे विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मेसेज होता: खाद्यतेलाची जाहिरात, मध्यमवर्गीय आई, वय ३० ते ३५, साधा घरगुती लुक. जागा अंधेरीतलं आरामनगर.

आधीच्या दोन ऑडिशनसाठी तिनं कॉलेज रोडवरून उधारीवर झगझगीत ड्रेस घेतले होते. दोन्ही वेळा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं दादर, तिथून लोकल, आणि रात्री रिकाम्या हातानं परत. "तिथल्या मुलींपुढे मी गावंढळ दिसते," म्हणताना तिचा आवाज बसला. हळूहळू कळलं, शाळेच्या गॅदरिंगला तिनं मावसबहिणीचा फ्रॉक मागून घातला होता आणि बहिणीनं तो सगळ्यांदेखत ओळखून दाखवला होता.

तरीही मी आधी कपड्यांचंच बोलले. समोर ताजी अडचण असताना लगेच बालपण उकरणं मला पटत नाही.

घरातलेच चार-पाच कपडे एकेक घालून, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर शूट करून आण, असं सांगितलं. नाव, वय, उंची, मग डावी-उजवी बाजू. ऑडिशनला करून घेतात तसंच. क्लिप आम्ही सोबत पाहिल्या. बारीक रेघांचा कुर्ता स्क्रीनवर लहरत होता. पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात चेहरा काळवंडला. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट बाद, कारण जाहिरात त्या कंपनीच्या स्पर्धकाचीही असू शकते. येवल्याची पैठणी हौसेनं नेसली होती, छानच दिसत होती, पण ती नेसून कुणी पुऱ्या तळत नाही. शेवटी धुऊन मऊ झालेला मोरपंखी सुती कुर्ता. त्यात तिनं नकळत बाह्या वर सारल्या होत्या. ती क्लिप तिनं स्वतःहून तीनदा पाहिली.

न विचारताही मी एक सांगतेच: कपडे तोकडे हवेत असं कळलं आणि मन तयार नसेल, तर जायच्या आधीच नाही म्हणायचं. ऑडिशनसाठी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरायचं.

निकाल अजून कळलेला नाही. पुन्हा बोलावलं तर बहुधा तोच पोशाख चालतो, म्हणून कुर्ता धुऊन वेगळा ठेवलाय. आता आमच्या भेटीत त्या फ्रॉकचा विषय निघतो.